घड्याळ ड्रॉवरमध्ये

पहिल्या मंगळवारी टूर्गिल्स एक चिठ्ठी घेऊन आला.
तोंडाने सांगण्यात संध्याकाळ गेली असती, म्हणून.
चिठ्ठीत एकच ओळ :
मला फेरीबोटीवर थांब्यांची नावं पुकारायची आहेत.

बस्स, एवढंच.
माझ्याकडे लोक येतात ते बढती मागायचं धैर्य हवं म्हणून,
नवरा सोडायचा म्हणून, चाळिशीत मॅरेथॉन धावायची म्हणून.
आणि हा माणूस, बावीस वर्षं
धक्क्याला दोरखंड बांधणारा, गाड्यांना हातानेच मागे-पुढे करणारा,
त्याला हवी होती पाच गावांची नावं,
स्वतःच्या आवाजात.

जिभेला हाड नसतं म्हणतात.
त्याच्या जिभेला एक होतं,
ते नेमकं 'ब'पाशी आडवं यायचं.
आणि पहिलाच थांबा ब्रुनेस.
लेकीचं नाव बोर्गहिल्ड, बायकोने हौसेने ठेवलेलं.
तो तिला अजून चिमणी म्हणतो,
एकवीस वर्षांच्या मुलीला.

नोव्हेंबर सरताना आमच्याकडे सूर्य रजेवर जातो.
खिडकीत निळा काळोख, टेबलावर दिवा,
आणि मी विचारलं,
"शब्द अडतो तेव्हा तू कुठे बघतोस?"
खूप वेळाने म्हणाला, "घड्याळाकडे."
"कोणाच्या?"
"समोरच्याच्या. मनगटावरच्या."

मी माझं घड्याळ काढलं, ड्रॉवरमध्ये टाकलं.
त्या दिवशी मी केलेलं काम एवढंच.
पैसे मात्र पूर्ण तासाचे घेतले.

"या आठवड्यात काय करशील?"
"कॉफी मागेन. बोट न दाखवता."
पुढच्या मंगळवारी हसत आला :
"मिळाली. मागून होईपर्यंत दुकान बंद व्हायची वेळ आली होती."

पाचव्या आठवड्यात माझ्याकडून घडलं ते सांगितलं पाहिजे.
तो 'ब'वर उभा होता.
किती वेळ, कोण जाणे, घड्याळ नव्हतंच.
गळ्याच्या शिरा ताठ, मूठ टेबलावर,
आणि मीच म्हणून टाकलं, "ब्रुनेस."

मदत म्हणून.
कुलपात किल्ली फिरवत असलेल्या माणसाच्या
हातातून किल्ली ओढून घ्यावी,
तशी मदत.

त्याने टोपी घातली. दार हळूच लावलं,
आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

तीन मंगळवार खुर्ची रिकामी.
सगळ्यांना प्रश्न विचारायचा माझा धंदा,
तीन आठवडे मी मलाच विचारत होते :
घाई कोणाला होती?

शेवटी धक्क्यावर गेले, त्याच्या हातात चिठ्ठी दिली.
चूक माझी. मंगळवारी साडेचार.
दोरखंड सोडता सोडता त्याने वाचली,
ओल्या हातमोज्यात घडी करून ठेवली.

आला. कोट न काढताच सुरुवात केली,
'ब'पासूनच.
मी जीभ दाताखाली धरली.
त्या संध्याकाळी दोघंही घामाघूम.

पुढचं सगळं मला माहीत नाही.
रिकाम्या डेकवर तो सीगल पक्ष्यांना गावांची नावं सांगायचा म्हणे.
एकदा रात्री लेकीला फोन केला, पूर्ण नावाने हाक मारली,
ती घाबरली, काय झालं बाबा, कोण गेलं?
यातलं काहीच मी सुचवलं नव्हतं.

मार्चमध्ये, सकाळच्या फेरीला,
मी खालच्या मजल्यावर, खिडकीपाशी.
लाऊडस्पीकर खरखरला.
"पुढचा थांबा ब—"

समोर कोणीतरी उकडलेलं अंडं सोलत होतं.
एक बाई पोराच्या जॅकेटची चेन ओढत होती.
"ब— ब—"
सवयीने मनगटाकडे पाहिलं :
नुसती कातडी.
एका म्हाताऱ्याने मान वर केली, पुन्हा पेपरात घातली.
समुद्र चालला होता तसाच चालला होता.

"—ब्रुनेस."

अडखळतच. पण कोणाकडून उसना न घेता.

ब्रुनेसला माझं काही काम नव्हतं.
उतरले तरी.